जेवणाच्या टेबलातलं भोक

आमचे हे निवृत्त झाले आणि सुतार झाले. मी म्हटलं, दिवसभर माझ्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा लाकडात खुपसलेलं बरं.

लेकीला दिवस गेले तसं ह्यांनी जाहीर केलं, "पाळणा मीच करणार. बाळाला घेऊन ती राहायला येईल तेव्हा तयार पाहिजे." कडा गोल करायला राउटर आणला. मला वाटलं इंटरनेटचा. शेजारणीला सांगूनही बसले, की आता आमच्याकडे नेट जोरात चालणार. हा निघाला गरागरा फिरणाऱ्या पात्याचा. तो म्हणे टेबलाखाली उलटा टांगायचा, पातं वर काढायचं आणि लाकूड त्याला लावून सरकवायचं. टांगायला एक प्लेट लागते. आणि टेबल? टेबल माझं, जेवणाचं.

त्या प्लेटीने माझं डोकं उठवलं. ॲक्रिलिकची घ्या म्हटलं, तर "वजनाने मध्ये झुकते." लोखंडाची? "गंजते." ॲल्युमिनियमची? "लाकडावर काळे डाग पाडते." जावई पसंत करायला ह्याच माणसाला एक कप चहा पुरला होता.

शेवटी बेकेलाइटची, म्हणजे जुन्या काळ्या स्विचांच्या कडक प्लास्टिकची, जाडजूड प्लेट पसंत पडली. ह्यांनी ती टेबलावर ठेवली, भोवती पेन्सिल फिरवली आणि बरोबर रेघेवरून भोक कापलं. मग मला हाक मारली, "ये, बघ कशी चपखल बसते." प्लेट सोडली. ती भोकातून सरळ खाली गेली ती ह्यांच्या अंगठ्यावर. तिला टेकायला काठाने खाच सोडायची असते, ते साहेब विसरले होते.

मला हसू आवरेना. हे अंगठा धरून म्हणाले, "माप मात्र बरोबर होतं."

मग पुन्हा विचार सुरू. मोठी प्लेट मागवावी, की नवं टेबल करावं? आम्ही आपले भोकाभोवती ताटं मांडून जेवतोय. लेकीचं येणं तर तोंडावर आलं. मी म्हटलं, "भोकाच्या आतून पट्ट्या मारा, प्लेट त्यांवर टेकवा आणि मोकळे व्हा."

"पट्टी हलली की प्लेट हलणार, आणि कड एकसारखी गोल यायची नाही."

आता मात्र माझी सटकली. "मग आणा दुकानातला पाळणा! बाळ काय कडा तपासणार आहे?"

हे हळूच म्हणाले, "तिचा दुकानातलाच होता ना."

त्या पाळण्याच्या कडेवर आपटून लेकीची भुवई फुटली होती. रक्ताने भिजलेल्या पोरीला उचलून दवाखान्यात धावले ते हेच. खूण अजून आहे तिच्या भुवईवर. मी विसरले होते, हे नव्हते विसरले.

मी पदर खोचला आणि टेबलाखाली शिरले. पट्टी दाबून धरली. "हं, मारा स्क्रू. हलली तर मला बोला."

लेक आली तेव्हा पाळणा तयार होता. ती बाळाला ठेवायला वाकली, तर ह्यांनी हाताने थांबवलं. गुडघ्यांवर बसले, चारी कडांवरून सावकाश स्वतःचा गाल फिरवला आणि मग म्हणाले, "हां, आता ठेव."