घरचं अकरावं लेकरू

रुख्माबाईला परवाना नको होता. तिला लेकरं सांभाळायची होती, आणि ते तर ती बारा वर्षांपासून करतच होती. बालाघाटच्या त्या वस्तीतल्या निम्म्या बाया राइस मिलमध्ये कामाला जायच्या. सकाळी आठचा भोंगा व्हायच्या आत कुणी तान्हं, कुणी रांगतं, कुणी नुकतं चालायला लागलेलं लेकरू तिच्या ओसरीवर ठेवायची आणि पळत सुटायची. संध्याकाळी केसांत भाताचा कोंडा घेऊन परत यायच्या. येताना कुणी कण्या आणायची, कुणी जळणाला दोन काड्या. तेवढ्यावर हे सगळं निभत होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

एकोणसत्तर साली गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, अशाच एका घरी ठेवलेलं लेकरू विहिरीत पडलं. लोकांनी काढलं, वाचलं. पण कचेरी जागी झाली, आणि एकदा जागी झालेली कचेरी गरिबाला स्वस्थ झोपू देत नाही. फर्मान निघालं की दुसऱ्याची लेकरं घरी ठेवणाऱ्या बाईनं परवाना घ्यावा. खोलीला खिडकी हवी, चुलीपुढे कठडा हवा, पाण्याच्या रांजणाला झाकण हवं. बाईला छातीचा रोग नाही असा डॉक्टरचा कागद हवा. आणि एका बाईमागे दहाच लेकरं.

रुख्माबाई पन्नाशीला आलेली, गुडघे दुखणारी विधवा. तिनं मातीची भिंत फोडून खिडकी केली. कठड्यासाठी बांबू स्वतः डोक्यावर आणले. डॉक्टरच्या कागदासाठी दोन दिवस रांगेत बसली, तेव्हा एक लेकरू मांडीवर आणि एक पाठीशी होतंच. एवढं करून ती इतकी थकली, की कठड्याची शेवटची गाठ मारताना तिला रडू आलं.

अर्ज भरला वस्तीतल्या प्राथमिक शाळेच्या भोजराज गुरुजींनी. लेकरं किती, असं त्यांनी विचारलं.

"धा," रुख्माबाई म्हणाली.

हे ती खोटं बोलली नव्हती. ओसरीवर ठेवलेली लेकरं दहाच होती. अकरावी होती आनंदी, तिच्या मेलेल्या लेकीची लेक. आनंदीच्या बापानं बिरसा गावी दुसरं घर मांडलं होतं, आणि पोर तीन महिन्यांची असल्यापासून इथंच होती. आता ती साडेचार वर्षांची होती. पण घरचं लेकरू कधी कुणी मोजतं का? मोजायची ती लोकांची, कारण ती संध्याकाळी परत द्यायची असतात.

तपासणीला आलेली बाई जबलपूरकडची होती. वाईट नव्हती बिचारी. उन्हातान्हात दहा घरं फिरून तीही थकलेली होती. खिडकी पाहिली, कठडा हलवून पाहिला, मान डोलावली. मग बोटानं लेकरं मोजली आणि थांबली.

"ये तो ग्यारह हैं."

"नाही बाईसाहेब, धा. हे माही नात हाय."

"घर का बच्चा भी गिना जाता है, बाई. छह साल से कम हो तो गिनना ही पड़ता है. पंद्रह दिन में एक कम करो, फिर कागज मिलेगा."

एक कमी करा! जणू टोपलीतला कांदाच काढायचा होता. रुख्माबाई ओसरीवर बसून एकेक तोंड पाहत राहिली. सगळ्यांत शेवटी आलेलं लेकरू चंपाबाईचं, आठ महिन्यांचं. गोष्ट कानावर गेली तशी चंपाबाई आपणहून म्हणाली, "मी माह्या पोराले संगं नेतो ना मावशी. कोंड्याच्या ढिगामागं झोळी बांधीन."

"त्या धुळीत? खोकून खोकून मरन ते. चूप बस तू."

मग राहिली आनंदी. तिला बिरसाला सावत्र आईकडे पाठवावं, असा विचार रुख्माबाईच्या मनात एकदा येऊन गेला, आणि त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की तिनं पोरीला उगाच जवळ ओढून तिचे केस विंचरले. विंचरता विंचरताच तिला मार्ग सुचला. सहा वर्षांची पोर मोजत नाहीत ना? मग आनंदीला सहाची करायची.

वस्तीत जन्माचे दाखले कुणाकडे होते! शाळेत वय कळायचं ते हातानं. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा, डाव्या कानाला बोटं टेकली की लेकरू सहाचं झालं. आनंदीची बोटं कानाच्या दोन बोटं वरच राहत. रुख्माबाईनं आठ दिवस तिला शिकवलं. "मान जराशी कलती कर वं, अशी. खांदा वर घे." पोरीला तो खेळच वाटला. ती येता-जाता कान धरून दाखवायची आणि हसायची. रुख्माबाईला मात्र हसू येत नव्हतं.

गुरुजींसमोर आनंदीनं मान कलती केली, पाय उंचावले, जीभ दातांत धरली आणि कान पकडला. गुरुजींनी तिरकी मान पाहिली. मग रुख्माबाईकडे पाहिलं. ज्यांचं लेकरू उगाच मोठं केलं जातंय, त्या माणसांचे चेहरे त्यांना नवे नव्हते. त्यांनी रजिस्टरात सहा वर्षं लिहिलं आणि दाखला दिला.

परवाना आठवड्यात आला. मिलच्या बाया खूश झाल्या. चंपाबाईनं तर रुख्माबाईच्या पायाला हात लावला.

रजिस्टरात नाव चढलं होतं, म्हणून आनंदी रोज शाळेत जाऊ लागली. पहिले चार दिवस नव्या पाटीच्या कौतुकात गेले. मग ती थकायला लागली. ऊन चढलं की तिथं तरटाच्या पट्टीवरच झोपायची, आणि मोठी पोरं हसायची. घरी आली की बाकीची लेकरं गोधडीवर लोळताना दिसायची आणि ती त्यांच्यात गपकन आडवी व्हायची.

एका सकाळी ती दारातच बसली. हलेना.

"काहून वं? ऊठ, साडेसातची घंटा होते."

"मी नाही जात."

"काहून पण?"

आनंदीनं ओसरीकडे बोट दाखवलं. दोन बाया लेकरं ठेवून नुकत्याच वळल्या होत्या.

"याइच्या माया हायेत म्हणून तू याइले घरी ठेवतेस. माही माय नाही, म्हणून मले धाडतेस काय?"

रुख्माबाईनं हातातली पाटी ओसरीवर ठेवली. तिला कचेरीचा नियम सांगायचा? कानाची गोष्ट सांगायची? पोरीनं जे म्हटलं ते खोटंही नव्हतं. परक्यांच्या दहा लेकरांना जागा व्हावी म्हणून बिनमायीचं तेवढंच एक लेकरू तिनं घराबाहेर काढलं होतं, कारण त्याच्यासाठी भांडायला कुणी येणार नव्हतं.

तिनं आलेली दोन्ही लेकरं शेजारच्या तुळसाबाईच्या पुढ्यात ठेवली आणि आनंदीला कडेवर घेतलं. गुडघे कुरकुरत होते, तरी शाळेपर्यंत खाली ठेवलं नाही. वर्गात गेल्यावर पोर लुगडं सोडेना, तेव्हा रुख्माबाई तिथंच पट्टीवर तिच्याजवळ बसली. गुरुजी फळ्यावर अक्षरं काढत राहिले. आनंदी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपी गेली.

मिलचा भोंगा झाला. वस्तीत आठ बाया लेकरं कडेवर घेऊन तिच्या दाराशी ताटकळत उभ्या होत्या, आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच रुख्माबाई त्यांच्यासाठी उठली नाही.