ओपन डेची दुभाषी

"टेल युवर मदर," टीचर म्हणाल्या, "यू आर अ डल चाइल्ड."

मी आठवीत होते. पेडण्याच्या हायस्कुलात ओपन डे होता. ओपन डे म्हणजे पालकांनी रांगेत उभं राहायचं, आपल्या मुलांचे पेपर बघायचे आणि टीचर बोलतील ते ऐकून घ्यायचं. टेबलाच्या पलीकडे टीचर, अलीकडे आई, मध्ये मी. मागे वर्गातली मुलं आणि त्यांचे आईबाप.

मी आईला सांगितलं, "टीचर म्हणतात, मी मठ्ठ आहे."

आई हसली. पुढे काहीतरी चांगलं येणार असेल, असं तिला वाटलं.

पुढे होतं. माझी वाक्यं सुरू होतात, संपत नाहीत. स्वल्पविराम मी मीठ टाकावं तसे टाकते. चार शब्दांतून एक निवडायला दिला तर नेमका चुकीचा उचलते. असल्या मुलांमुळे वर्गाचा निकाल खाली येतो. घरी कुणी शिकलेलं नाही, हे पेपरावरूनच दिसतं. टीचर एक वाक्य इंग्रजीत बोलायच्या, थांबायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी ते मराठीत करून आईला द्यायचे. घरी कुणी शिकलेलं नाही, हेही मीच दिलं.

टीचरांना मराठी येत नव्हतं, असं कुणाला वाटेल. टीचर पेडण्याच्याच. आदल्याच आठवड्यात देवळाच्या उत्सवात, नाटकाआधी, त्यांनी सूत्रसंचालन केलं होतं. खांद्यावर शाल, हातात माइक. प्रत्येक पाहुण्याच्या नावाआधी त्यांनी इतकी विशेषणं लावली की पाहुणा सापडेपर्यंत बसलेल्यांचे पाय भरून आले. सगळं शुद्ध मराठीत. आईने तिथे टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हणूनच आई त्या दिवशी निर्धास्त होती. कारखान्यातून सुट्टी घेऊन आली होती. लग्नाकार्याची साडी नेसली होती. टेबलाशी पोचल्याबरोबर, माझा पेपर निघायच्याही आधी, ती म्हणाली होती, "बाई, देवळात तुमचं बोलणं आयकलं. लई ग्वाड बोलतासा."

टीचरांनी तिच्याकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "व्हॉट इज शी सेइंग?"

आई गोंधळली. आपण चंदगडकडचं बोललो म्हणून बाईंना कळलं नसेल, असं तिला वाटलं. तिने पदर सारखा केला. चौथीपर्यंतच्या शाळेतलं मराठी आठवून, एकेक शब्द जपून ठेवत, ती पुन्हा बोलली, "बाई, तुमचे भाषण मला फार आवडले."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. ज्यांच्या घरी मराठी नाटकांच्या तालमी चालत, त्याच घरांतलं कुणीतरी.

शेवटी आई म्हणाली, "सॉरी, टीचर." चारचौघांत स्वतःहून बोलता येईल असा तिच्याकडे एवढाच इंग्रजी शब्द होता, तोही मीच शिकवलेला. मला वाटतं, त्या दिवशी टेबलावरचं एकमेव शंभर टक्के बरोबर इंग्रजी तेच होतं.

आईबाबा दोघंही तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते. आई पॅकिंगला. आमच्याकडे सरकारी शाळा चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून सगळं इंग्रजी. मध्ये एक मे महिना असतो. आंबे-फणस खाऊन होईपर्यंत मूल इंग्रज होऊन यावं, अशी अपेक्षा असते.

माझ्याबरोबर आईही पाचवीला बसली होती. संध्याकाळी ती तांदूळ निवडायची आणि मी ग्रामर करायचे. रिकाम्या जागा भरा, योग्य शब्द निवडा, विरामचिन्हं द्या. मी मोठ्याने वाचायचे आणि आई मागून म्हणायची. तिला प्रश्नचिन्ह फार आवडायचं. "ह्यो विळा कुठं लावायचा गं?" असं विचारायची. वाक्याच्या शेवटी बोट ठेवून म्हणायची, "हितं टिंब दे. दम लागला न्हवं वाचताना?" पुष्कळदा ते बरोबर निघायचं. मग स्वतःवरच खूश होऊन म्हणायची, "बघ, मीबी पास."

ओपन डेनंतर तांदूळ निवडायला ती बाहेर पायरीवर बसायला लागली.

मी दारातून हाक मारायचे. "आई, ये की, वाक्य सांगते."

"तू कर. मला काय कळतंय त्यातलं?"

मी पुस्तक घेऊन पायरीवर गेले तर ती सूप उचलून आत जायची. भांडण नाही, रडणं नाही. मी इंग्रजी काढलं की तिला काहीतरी काम आठवायचं. एरवी ती तशीच होती. जेवायला वाढायची, वेणी घालायची. पण शाळेत काय झालं, हे तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही. शाळेच्या दारातही ती पुन्हा आली नाही. पेपरावर सही करायला बाबा यायचे, रात्रपाळी करून, उभ्याउभ्या पेंगत.

मी मात्र पेटले. नळाच्या रांगेत, बसमध्ये, जुन्या प्रश्नपत्रिका मांडीवर घेऊन बसायचे. नववीच्या सहामाहीला इंग्रजीत वर्गात पहिली आले. टीचरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "माय बेस्ट गर्ल." आणि पुढच्या ओपन डेला माझ्या फ्रॉकला एक बिल्ला लावला. त्यावर लिहिलं होतं, इंटरप्रिटर. शाळेत कामगारांच्या मुलांची संख्या वाढली होती, त्यांच्या पालकांसाठी शाळेने केलेली सोय होती ती. हेडमास्तरांनी भाषणात तिचं कौतुकही केलं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील आले. बेळगावकडचे, मोप्याला बांधकामावर सेंट्रिंग करणारे. मुलगी त्यांच्या शेजारी उभी होती.

"टेल हिम," टीचर म्हणाल्या. हिला शिकवून उपयोग नाही. ही जागा अडवते. हिला कुठेतरी कामाला लावा.

वडील मला म्हणाले, "काय म्हणाल्यात की बाई?"

मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. तिथून आता काय बाहेर पडणार, त्याकडे.

मी टीचरांकडे वळले आणि त्या घरी बोलतात त्याच बोलीत म्हणाले, "टीचर, तुमका मराठी येता. तुमीच सांगा."

"एक्स्क्यूज मी?"

"तुमीच सांगा. ते तुमच्या समोरच आसत."

टीचरांचा चेहरा लाल झाला. पण सगळ्यात आधी बोलले ते त्या मुलीचे वडील. माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "पोरी, सांग की गं. बाईंना राग आणू नको. आमचंच नुकसान हाय त्यात."

मी सांगितलं नाही. बिल्ला काढून टेबलावर ठेवला. हेडमास्तरांनी दोनदा बोलावून माफी मागायला सांगितलं, इंग्रजीत. मी मागितली नाही. वर्षअखेरीला तोंडी परीक्षेचे माझे मार्क कापले गेले. ती मुलगी दहावीत न जाता तुयेला पॅकिंगला लागली. माझ्या बोलण्याने तिचं काहीच वाचलं नाही.

आईला ही गोष्ट कंपनीच्या बसमध्ये बायकांकडून कळली. मी वाट बघत होते. ती आली, हातपाय धुतले, चुलीशी बसली. पाठमोरी म्हणाली,

"दुसऱ्याच्या बापासाठी बोललीस."

बस, एवढंच. त्यात राग नव्हता. राग असता तर मला तो सोसला असता.

आठवीतल्या मुलीने काय करायला हवं होतं, याचा हिशेब मी पुष्कळ दिवस स्वतःकडेच मागितला. आता मागत नाही. मुलाला त्याच्याच आईच्या अंगावर सोडणारी मोठी माणसं टेबलाच्या पलीकडे बसली होती. जाब त्यांनी द्यायचा.

आज मी तुयेला इंग्रजीच्या शिकवण्या घेते. कडक घेते. स्वल्पविरामाची चूक मी सोडत नाही. ही भाषा कुणाच्या बापाची नाही, ती माझ्या मुलांना टीचरांपेक्षा चांगली आली पाहिजे. पण पहिल्या दिवशी, पुस्तक उघडायच्या आधी, मी त्यांना एक गोष्ट बजावते. आईबाप समोर असताना तुम्ही दुभाषी व्हायचं नाही. ज्याला तुमच्या आईशी बोलायचं आहे, त्याने तिच्याकडे बघून, तिच्या भाषेत बोलावं. तोवर तोंड मिटून उभं राहायचं.

मध्यंतरी एका शाळेचे हेडमास्तर येऊन गेले. म्हणाले, "तुम्ही मुलांना उर्मट करता."

मी म्हटलं, "हो."

ते मार्क कापतील. कापू देत. ते भरून काढण्याएवढं इंग्रजी मी मुलांना देईन. आई अजून माझ्यासमोर इंग्रजीचा एक शब्द उच्चारत नाही. स्टॉपवरची इंग्रजी पाटीसुद्धा वाचत नाही, माणसं उतरताना बघून उतरते. तिला पुन्हा बोलतं करणं मला जमलेलं नाही, आणि आता जमेल असं वाटतही नाही. पण माझ्याकडच्या एकाही मुलाच्या तोंडून त्याच्या आईला गप्प करू देणार नाही मी कुणाला.