जांगडाची भांडी

मॅट्रिक झाल्याचा मला भारी ताठा होता. पाथरीला आमचं भांड्यांचं दुकान. बाबांचं शिक्षण निजामाच्या अमदानीतलं, उर्दूतलं. म्हणून त्या वर्षी विक्रीकराचा फॉर्म मी भरला आणि बाबांनी न वाचता सही केली.

लग्नसराईत आमची पितळी भांडी जांगड जायची. गाडीभर हंडे, कळशा, ताटं लग्नघरी न्यायची, पाहुण्यांनी आहेरासाठी त्यातून पसंत करायची, उरलेली परत आणून द्यायची. नेताना बाबा वहीत लिहीत. भांडं परत आलं की त्या ओळीवर काट मारत. काट म्हणजे पैसे मिळाले, असं मी समजले. विचारायला काय झालं होतं मला? सगळाच माल मी विक्रीत धरला. बाबांनी कर भरला होता खऱ्या विक्रीवर, आणि फॉर्म सांगत होता जवळजवळ दुप्पट.

नोटीस आली. आम्ही दोघं परभणीला विक्रीकराच्या कचेरीत गेलो. बाबांनी साहेबांपुढे वही उघडून ठेवली.

"काट काय, कधीही मारता येते," साहेब म्हणाले. "माल परत आल्याचं लग्नघरच्यांकडून लिहून आणा. नाहीतर बाकी कर आणि दंड."

फॉर्म मुलीनं भरला, हे बाबा बोलले नाहीत. मी शेजारीच उभी होते. मीही बोलले नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

मग गावोगाव फिरणं सुरू झालं. प्रत्येक घरी चहा मिळाला. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तर बाबांना बाजेवर बसवून स्वतः वारा घातला.

"भांडी वापस केली, खरं हाय शेट. कुणाम्होरं बी तोंडानं सांगतो. पण सरकारी कागदावर अंगठा न्हाई. सरकारला सक्तीनं घालायच्या लेव्हीच्या ज्वारीला असाच दिला व्हता, आजून निस्तरायलाव."

सगळीकडे हेच. त्यांचा राग तरी कसा यावा? बाबांनीही त्यांच्याकडून कधी चिठ्ठी घेतली नव्हती.

निकाल आमच्या विरुद्ध गेला. दंड भरायला बाबांनी नवी कोरी भांडी मोडीच्या भावानं विकली. त्या रात्री मी म्हणाले, "बाबा, चूक माझी होती."

"सही माझी हाय," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या लग्नसराईत पहिलं गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं. बाबांचा जुना माणूस, तीन मुलींची लग्नं आमच्याच भांड्यांवर केलेला. बाबांनी मला यादी करायला लावली आणि शाईचा पॅड त्याच्यापुढे सरकवला.

तो पॅडकडे बघत राहिला. "शेट, म्या कवा एक वाटी तरी ठिवून घेतली का?"

"न्हाई," बाबा म्हणाले. पण पॅड मागे घेतला नाही.

त्यानं गाडीत चढवलेले हंडे एकेक करून खाली उतरवले, फळीवर नीट लावून दिले आणि रिकामी गाडी घेऊन तो निघून गेला.