बसून सांगणारी डॉक्टर

आमच्या गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात आवडता डॉक्टर कोण यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी कापडाच्या भावावरूनही कधी झाली नाहीत. डॉक्टर खरे नव्हेत, टीव्हीवरचे. त्या काळी केबलवर रोज दुपारी एक परदेशी मालिका हिंदीत लागायची. अख्खं गाव पोटात घेऊन ताऱ्यांमधून हिंडणारं एक यान आणि त्यावरची माणसं, असा सगळा मामला. मालिका तरी एक कुठे होती, तिचं घराणंच होतं. पहिलीनंतर नवं यान आणि नवी माणसं घेऊन दुसरी काढलेली, मग तिसरी, आणि तिन्हींचे भाग आलटून पालटून दाखवायचे. लोकांना कप्तान आवडायचे. मला विचाराल तर यानाची खरी परीक्षा त्यावरच्या दवाखान्यात होते. तिन्ही यानांवर वेगळा डॉक्टर होता, आणि माझं मत तेव्हा जे होतं तेच आजही आहे. तिसऱ्या यानावरच्या बाईच्या जवळपास येणारा डॉक्टर अजून कोणाला लिहिता आलेला नाही.

दुकान माझ्या काकांचं होतं. काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, राहायला ते आमच्याकडेच. मी कॉलेज सुटलं की त्यांचा डबा घेऊन दुकानात जायची आणि मालिका संपेपर्यंत तिथेच ठाण मांडायची. छोटा टीव्ही गल्ल्याशेजारी ठेवलेला असायचा, पण त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला तिरपं. कारण ओट्यावर एक शिंपी चाचा मशीन घेऊन बसायचे आणि त्यांनाही दिसलं पाहिजे, हा काकांचा नियम. आत येऊन कापड बघणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र टीव्हीची पाठच दिसायची. त्याची काकांना पर्वा नव्हती.

चाचांचा डॉक्टर पहिल्या यानावरचा म्हातारा. का, तर तो एवढी यंत्रं हाताशी असून जखमा स्वतःच्या हातानं शिवायचा. "टाके देखो उसके," चाचा मशीन थांबवून म्हणायचे. "ऐसा हाथ अब किसके पास है?" त्यांच्यापुढे बाकीच्या डॉक्टरांची नावंसुद्धा काढायची सोय नव्हती.

काकांचा लाडका दुसऱ्या यानावरचा, हसरा. तो पेशंट आत यायच्या आधीच हसायचा. हात तुटून लोंबत असला तरी "कुछ नहीं हुआ" म्हणायचा आणि पाठीवर थाप मारून पुढच्याकडे वळायचा. काका खूश व्हायचे. म्हणायचे, "माणसाचा अर्धा आजार भ्याचा असतोय. ह्यो आधी भ्याव काढतो. डॉक्टर असावा तर असा."

आणि माझी ती बाई. आखूड केस, हसणं बेताचं. साधा ताप असला तर उभ्याउभ्या औषध देऊन वाटेला लावायची. पण बातमी वाईट असली, की चाकाचं स्टूल ओढून पेशंटच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत बसायची. "पहले मैं बैठ जाती हूँ," म्हणायची. मग सगळं सांगायची, काही न लपवता, आणि समोरचा रडून शांत होईपर्यंत उठायची नाही. यानावर हल्ला झाला तरी नाही. मला ती फार आवडायची. काका मात्र तिनं स्टुलाला हात घातला की ओरडायचे, "बसली! गेलं आता ते माणूस! यमाची बहीण हाय ती."

एकदा मी चिडून म्हणाले, "तुमचा डॉक्टर तर गोड बोलून विटका माल गळ्यात मारणारा दुकानदार आहे."

काका गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागले. चाचांनीही मान खाली घालून मशीन चालू केलं. मी नको तिथे बोट ठेवलं होतं.

काकांच्या पाठची बहीण, म्हणजे माझी आत्या, वैजापूरला दिलेली. एका लग्नात काकांनी तिला आहेरात साडी दिली होती. ऐन सराईच्या घाईत शोकेसमधली उचलून बांधलेली. महिनोन् महिने उन्हात राहून ती घडीवर विटली होती, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. आत्या कापडवाल्याची बहीण. तिनं भर मांडवात घडी उलगडली, उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "सख्ख्या बहिणीला उन्हानं खाल्लेली साडी? त्यापेक्षा गिऱ्हाईक असते तर बरं." साडी तिथेच परत केली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. वडील जाऊन-येऊन असायचे, काका नाही. चूक त्यांना कबूल होती. पण दरवर्षी म्हणायचे, "दिवाळीला जातो, चांगली साडी घेऊन." दिवाळी आली की दुकानात गर्दी असायची, आणि मग पुढची दिवाळी.

त्या उन्हाळ्यात काकांचं पोट दुखायला लागलं. मग डोळे पिवळे झाले. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांच्या खोलीत मी आणि वडील होतो. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टर म्हणाले, "दिवाळी बघतील असं धरून चालू नका." वडिलांनी हात जोडले आणि म्हणाले, "त्याला सांगू नका. अल्सर आहे म्हणा." डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना हे रोजचंच असणार. आपल्याकडे आजार ज्याचा असतो, त्याला सोडून सगळ्या गावाला माहीत असतो.

घरी आल्यावर मी वडिलांना म्हणाले, काकांना सांगायला हवं. आत्याशी मिटवायचं राहिलंय.

"आत्याला इकडं बोलवू की."

"ती काय म्हणून येईल? कारण काय सांगाल? आणि मांडवातल्या गोष्टीचं काय? ती त्यांनीच जाऊन मिटवायला हवी."

वडिलांचा आवाज चढला. "तू त्या मालिका बघून मला शिकवू नको. दादाचा डॉक्टर कोणता, सांग बरं? हसरा ना? 'कुछ नहीं हुआ' म्हणणारा? मग त्याला काय पायजे ते त्यानंच सांगितलंय."

मला भयंकर राग आला. दुकानातला माझाच वाद माझ्या अंगावर आला होता. शिवाय वडील रडत होते. रडणाऱ्या बापापुढे जिंकण्यात काही अर्थ नसतो. पण मी ठरवलं ते ठरवलं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन दुकानात गेले. नेमका हसऱ्या डॉक्टरचा भाग लागला होता. काका गादीवर उशीला टेकून होते, चेहरा हळदीसारखा. कुठून सुरू करावं कळेना. मी विचारलं, "काका, हा डॉक्टर तुम्हाला एवढा का आवडतो?"

काका टीव्हीकडेच बघत होते. "त्याच्याकडं येणारं समदं पेशंट बरं होतंय, म्हणून. लिहिणाऱ्यानं त्याच्याकडं मरणारं माणूस धाडलंच नाय कधी. मज्जा हाय त्याची."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझा डॉक्टर म्हणतो अल्सर. हसून म्हणला, उभ्याउभ्या. आन् तुझा बाप तवापासून माझ्या तोंडाकडं बघत नाय. मी काय दूधखुळा हाय का पोरी?"

मी डबा खाली ठेवला. वरच्या फळीवरचे तागे काढायला दुकानात एक लाकडी स्टूल होतं. काकांनी ते पायानं माझ्याकडे सरकवलं.

"बघायला माझा डॉक्टर चांगला," ते म्हणाले. "पण आता बस तू. तुझ्या त्या बाईवाणी बस, आन् सांग."

मी बसले. बाहेर चाचांचं मशीन थांबलं होतं. त्यांनी उठून टीव्हीचा आवाज बंद केला आणि आमच्याकडे पाठ करून, येणाऱ्या गिऱ्हाइकांची वाट अडवून उभे राहिले. मी सगळं सांगितलं. आजाराचं नाव, तो कुठवर गेलाय, डॉक्टर काय म्हणाले. माझा आवाज फाटला, पण मी थांबले नाही. काकांनी एकच प्रश्न विचारला.

"दिवाळी?"

"धरून चालू नका म्हणाले."

काका बराच वेळ हातातली कापड मोजायची पट्टी कुरवाळत बसले. मी उठले नाही. शेवटी तेच उठले, शोकेसकडे ढुंकूनही न बघता आतल्या कपाटातून त्यांनी हिरवी पैठणी काढली, दारातल्या उन्हात नेऊन एकेक घडी तपासली आणि म्हणाले, "चाचा, उद्या दुकान बंद."

मी सांगून टाकलं हे कळल्यावर वडील माझ्याशी काही दिवस बोलले नाहीत. मी त्यांची समजूत काढायला गेले नाही. माझं बरोबर होतं आणि ते त्यांना कळणार होतं.

दुकान बंद ठेवून दुसऱ्याच दिवशी काका आणि मी एसटीनं वैजापूरला गेलो. खिडकीशी बसून काका वाटभर पैठणीची पिशवी पोटाशी धरून होते. आत्या अंगणात कांदे निवडत बसली होती. आम्हाला बघून तिनं हातातला कांदासुद्धा खाली ठेवला नाही.

"वाट सापडली व्हय?" ती म्हणाली.

काकांनी साडी पुढे केली नाही, माफी मागितली नाही, ख्यालीखुशाली विचारली नाही. एक रिकामं क्रेट उपडं घातलं आणि तिच्या समोर, तिच्या डोळ्यांच्या रेषेत बसले. मी पाहत राहिले.

"आधी बसतो," काका म्हणाले. "मग सांगतो."

त्यांनी सांगितलं. अगदी तसंच, एकेक करून, काही न लपवता. मला जमलं नव्हतं इतकं नीट. आत्यानं पदर तोंडाशी धरला आणि हंबरडा फोडला. काका उठले नाहीत. ती शांत होईपर्यंत बसून राहिले, मग पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. आत्यानं नाक पुसत पुसत पैठणी बाहेर काढली, हुंदके चालूच होते, आणि घडी उलगडून ती उन्हाकडे धरली.

"बघ," काका म्हणाले. "नीट बघून घे. ही शोकेसची नाय."

आत्या रडता रडता हसायला लागली, आणि तिला हसताना बघून मलाच रडू फुटलं.

संध्याकाळच्या गाडीनं परत येताना काका थकले होते. डोकं माझ्या खांद्यावर टेकून डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपले. पण गाव मागे पडल्यावर ते न बघताच म्हणाले, "माझा तो हसरा डॉक्टर आज संगं असता, तर काय म्हणला असता, माहिताय?"

"काय?"

"म्हणला असता, कशाला एवढी घाई? दिवाळीला जा."