दोघींचे अर्ज

कराटे मला ताईनं शिकवलं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बाबा कारखान्यात फोरमन होते आणि भोपाळच्या टाउनशिपमध्ये आमचं क्वार्टर होतं. तिथल्या कम्युनिटी हॉलमध्ये संध्याकाळी क्लास भरायचा. आमचे सर कारखान्याच्या गेटवर ड्यूटी करत. त्यांची पाळी आडवी आली की क्लास ताई घ्यायची.

जपानमधल्या एका म्हाताऱ्या गुरुजींशी तिचा दोन वर्षं पत्रव्यवहार चालला होता. शेवटी ते तिला वर्षभर शिकवायला तयार झाले. आई म्हणाली, "एकटीला नाही पाठवणार. दोघी जा." माझं बीएस्सी नुकतंच संपलं होतं, पुढचं काही ठरत नव्हतं. मी हो म्हटलं.

वर्षभराच्या व्हिसासाठी आधी तिथल्या सरकारचं परवानगीपत्र लागायचं. त्यासाठी गुरुजींमार्फत अर्ज, बेल्टची सर्टिफिकेटं आणि 'मला हे का शिकायचं आहे' यावर एक पान लिहून द्यायचं होतं. कराटेनं चांगला व्यायाम होतो, यापलीकडे मला काही सुचेना. ताईनं माझा कागद ओढून घेतला.

"दे, मी लिहिते."

तिनं लिहिलं होतं, सगळ्या मुली गेल्यावर मी हॉलमध्ये एकटीच उभी राहते. आजूबाजूला कोणी नसतं, तेव्हाच मला माझ्या शरीराची भीती वाटत नाही. वाचताना मला ओशाळल्यासारखं झालं.

"ताई, हे तुझं आहे."

"माझं मी वेगळं लिहिलंय," ती म्हणाली. ते तिनं मला कधी दाखवलं नाही.

चार महिन्यांनी जाड पाकीट आलं. त्यात माझं परवानगीपत्र होतं आणि ताईसाठी नुसती गुरुजींची चिठ्ठी. तिचा अर्ज नामंजूर झाला होता. ताईचा ब्लॅक बेल्ट जुन्या संघटनेचा होता. ती संघटना फुटून बंद पडली होती, त्यामुळे तिचं सर्टिफिकेट खरं आहे असं सांगणारं कोणी उरलं नव्हतं. माझा बेल्ट नव्या संघटनेचा. ती परीक्षा मला ताईनंच मागे लागून द्यायला लावली होती. स्वतः मात्र दिली नव्हती. एकदा पास झालेली परीक्षा परत कशाला, असं तिचं म्हणणं.

तिनं उभ्या उभ्या चिठ्ठी वाचली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं, "हिचं आलंय."

मी जाणार नाही म्हटलं. आईचीही मला एकटीला पाठवायची तयारी नव्हती. ताईनं आठवडाभर आईची समजूत घातली. मला एवढंच म्हणाली, "तू गेली नाहीस तर दोघींचं जाईल."

व्हिसासाठी दिल्लीला ती माझ्याबरोबर आली आणि बाहेर बाकावर बसून राहिली. आत काउंटरवरच्या बाईंनी ते पान सावकाश वाचलं.

"ये आपने खुद लिखा है?"

"जी."

"बहुत अच्छा लिखा है."

परतीच्या गाडीत ताईनं विचारलं, "काय विचारलं गं?"

"काही विशेष नाही," मी म्हटलं.

जपानमध्ये वर्षभर मी गुरुजींनी सांगितलेलं सगळं नेमानं केलं. ते कधी चिडले नाहीत. पण त्यांनी वाट पाहिली होती ती दुसऱ्याच मुलीची, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. मी लांबलचक पत्रं लिहायची, ताईची उत्तरं आखूड होत गेली. सर रिटायर झाल्याचं आणि क्लास बंद पडल्याचं तिनं एका ओळीत कळवलं.

मी परतले तोवर बाबाही रिटायर झाले होते. क्वार्टर सुटलं होतं आणि घर सोनागिरीत तिसऱ्या मजल्यावर आलं होतं. ताई अरेरा कॉलनीतल्या एका शाळेच्या ऑफिसात लागली होती. पहिल्याच रविवारी मी तिला म्हटलं, "तिथे शिकले ते सगळं तुला दाखवते. गच्चीवर चल."

ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नको गं. गुडघा दुखतो हल्ली."

नळाला पाणी नव्हतं, म्हणून त्याच दिवशी सकाळी तिनं खालून दोन भरलेल्या बादल्या आणल्या होत्या. मी तिच्यासमोर बसले आणि मेथीची एक जुडी माझ्याकडे ओढून घेतली. पुढच्या महिन्यात मलाही एका लॅबमध्ये नोकरी लागली. कराटेचा विषय आमच्या घरात परत निघाला नाही.