नाचणीच्या पावाचं पत्रक

माझे वडील पत्रकं लिहायचे. पुस्तकं नाहीत, लेख नाहीत, पत्रकंच. सोलापुरातल्या गिरणी कामगारांसाठी, वस्तीतल्या नळासाठी, रेशनच्या खडेवाल्या गव्हाविरुद्ध. उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या शाळेच्या वह्यांना लागायची. बाई विचारायच्या, "हे 'आता गप्प बसणार नाही' काय आहे वहीवर?" मी सांगायचे, "गणित आहे, बाई."

घरात एक कायदा होता. छापलं म्हणजे शब्द दिला. चुकीचं छापलं असेल तर दुरुस्तीचंही पत्रक निघालं पाहिजे. तेवढ्याच प्रती, तेवढाच ठळक टाइप, आणि ज्या चौकात आधीचं वाटलं त्याच चौकात उभं राहून वाटायचं. एकदा मोर्चाची तारीख चुकली तेव्हा बाबा दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला "काल मी चुकलो" असं सांगत दुरुस्ती वाटत होते. मी त्यांच्या शेजारी गठ्ठा धरून उभी होते. शाळेतल्या मुली बघत होत्या. मला लाज वाटली नाही, उलट छाती फुगली होती.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे २००६ साली मी स्वतः एक पत्रक छापलं. विषय होता पाव.

तेव्हा मी हिंजवडीतल्या एका कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायचे आणि सूस गावात एका शेतकरी कुटुंबाच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. खाली घरमालकीण काकू आणि काका. त्यांची रस्त्याकडची जमीन विकून झाली होती, तिथे सोसायटी उभी राहत होती. काकूंचं माहेर मुळशी धरणाच्या पलीकडे. तिथून दर वर्षी नाचणीचं पोतं यायचं आणि काकू ते दागिन्यासारखं जपायच्या. "हितं समद्यांनी जमिनी इकल्या, आता भाकरीबी इकत आनायची का?" असं त्या म्हणायच्या. त्यांच्या या एका वाक्यावर मी अख्खी सभा घेतली असती.

त्याच सुमारास दादा कंपनीच्या कामावरून अमेरिकेतून परत आला आणि येताना पाव बनवायचं यंत्र घेऊन आला. वहिनीने पहिल्याच दिवशी सांगितलं की ओट्यावर एक तर हे राहील, नाही तर मिक्सर. दादाने यंत्र माझ्या खोलीवर आणून टाकलं. सोबत ट्रान्सफॉर्मर, कारण ते तिकडच्या विजेवर चालणारं. ट्रान्सफॉर्मर यंत्राहून जड होता आणि म्हशीसारखा हुंकारायचा.

यंत्राचं काम साधं होतं. भांड्यात पाणी, मीठ, साखर, पीठ आणि यीस्ट घालायचं, झाकण लावायचं, बटण दाबायचं. तळाशी एक पातं असतं, ते पीठ मळतं. मग यंत्र गप्प बसून पीठ फुगू देतं, पुन्हा मळतं, पुन्हा फुगवतं, आणि शेवटी तिथेच भाजतं. साडेतीन तासांनी शिटी. झाकणाला छोटी काच होती, आत बघायला. काका तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे, जसं काही क्रिकेटची मॅच लागली आहे.

आता माझं म्हणणं. मैदा म्हणजे धान्याचा जीव काढून घेऊन उरलेली पांढरी लबाडी, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही बऱ्याच अंशी वाटतं. आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये हजारभर माणसं सकाळी मैद्याचा पाव आणि संध्याकाळी मैद्याचा समोसा खायची, आणि तासाभराच्या अंतरावर डोंगरउतारावर नाचणी पिकवणारा म्हणायचा की ही घेणार कोण? माझ्या हातात यंत्र आलं आणि डोक्यात ठिणगी पडली. नाचणीचा पाव! गावचं धान्य, घरचा पाव, मैद्याचा कणही नाही.

आणि मी बाबांची मुलगी असल्यामुळे आधी पत्रक लिहिलं.

पाव नंतर करणार होते. पत्रकात छापलं: "मैद्याच्या एका कणाशिवाय, निव्वळ नाचणीचा फुगलेला, मऊ पाव. येत्या महिन्यात समाजमंदिरात, बचत गटाच्या बैठकीत, सर्वांसमोर." समाजमंदिर, सूस फाटा आणि कंपनीचं गेट अशा तीन ठिकाणी मी ते वाटलं. बाबांनाही पोस्टाने पाठवलं. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, "करून पाहिलास का गं?"

"करणार आहे," मी म्हणाले.

"बरं," बाबा म्हणाले. त्या 'बरं'मध्ये सगळा कायदा होता.

पहिला पाव वीट होता. हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही, काकांनी तो उचलून भिंतीतल्या खाचेत बसतो का ते बघितलं. दुसऱ्यात मी यीस्ट वाढवलं, तर पीठ वर आलं आणि मग मध्येच खचून त्यात खड्डा पडला. तिसऱ्या वेळी भाजणं अर्ध्यावर असताना लोडशेडिंग झालं. दीड तासाने वीज आली तेव्हा यंत्र सगळं विसरलं होतं. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली, आणि ते पातं अर्धवट भाजलेला पाव मळायला लागलं. आतून असा आवाज आला की काकू जिन्यावरून धावत आल्या.

"काय मारतीयास गं आत?"

"पाव आहे, काकू."

"जित्ता हाय का अजून?"

काकूंना माझ्या पत्रकाचा मनापासून अभिमान होता. त्यात त्यांच्या माहेरच्या नाचणीचं नाव होतं, म्हणजे गावाचं नाव होतं, आणि ते त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावलं होतं. पण त्या स्पष्टही होत्या. "नाचणीला चिकटपना न्हाई," त्या म्हणाल्या. "भाकरी थापाया मी उकळतं पानी घालते."

मग मी उकळतं पाणी घालून पाहिलं. त्या उष्ण पिठाने यीस्ट मेलं आणि एक दाट, गोडसर लगदा तयार झाला. काकूंनी तो चमच्याने खाऊन पाहिला आणि म्हणाल्या, "ही माझी चूक. पाव न्हाई, पन लेकराला भरवाया चांगलाय." केळं कुस्करून घातलं, ताक घातलं, चिकटपणापुरतं उडदाचं पीठ घातलं. उडदाने इडलीचा वास आला. गहू मी घालणार नव्हते. पत्रकात लिहिलं होतं की फक्त नाचणी.

"गव्हाचं थोडं घाल की," काका म्हणायचे. "गहू काय पाप हाय?"

"काका, छापलंय."

"मग छापनाऱ्याला सांग, चुकलं."

"छापणारी मीच आहे."

"मग सोपं हाय की!"

सोपं नव्हतं. बैठकीचा रविवार जवळ येत होता. फाट्यावरचा रिक्षावाला मला हाक मारायचा, "ताई, पाव फुगला का?" कंपनीच्या गेटवरचा रखवालदार विचारायचा. मी ज्या गोष्टीवर सही केल्यासारखं छापलं होतं ती गोष्ट होत नव्हती, आणि लोकांना ती आठवत होती. पत्रक लिहिणाऱ्याला लोकांनी आठवण ठेवावी असंच वाटतं. या खेपेला मला ते मुळीच वाटत नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात एक पाव निदान कापता येईल इतपत झाला. बोटभर उंच, वरून तडे गेलेला, पण कापता आला. मी ठरवलं की हाच दाखवायचा. मऊ नाही झाला तर तसं सांगायचं.

रविवारी समाजमंदिरात सतरंजीवर पंधरा-वीस बाया बसल्या होत्या. काकू नेहमीप्रमाणे ताजं दळलेलं पीठ स्टीलच्या डब्यातून घेऊन आल्या. मी ते भांड्यात ओतलं. जरा उजळ दिसलं. या वेळची नाचणी वेगळ्या शेतातली असेल, असं मनात आलं आणि मी बटण दाबलं. ट्रान्सफॉर्मर हुंकारला. बैठक तशीही दुपारभर चालायची. मासिक हिशोब, सुनांच्या तक्रारी, कुणाच्या जागेवर कुठला बिल्डर आला. मधून मधून एखादी उठून काचेतून बघून यायची.

"आगं, वर आलं की!"

मी उठून गेले. पीठ खरंच वर आलं होतं. काचेला टेकायला एवढंसं राहिलं होतं. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या बाईला मिठी मारली. वीज गेली नाही. शिटी झाली. मी भांडं उलटं केलं आणि एक उंच, गोल डोक्याचा, गव्हाळ रंगाचा पाव थाळीत आला. टाळ्या वाजल्या. गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "पोरीनं करून दाखवलं."

मी पहिला काप कापला. सुरी आत गेली तशी मला समजलं. नाचणी अशी दबून परत वर येत नाही. नाचणीला असे तार सुटत नाहीत. महिनाभर मी जे पीठ मळून, शिव्या घालून, खाऊन पाहिलं होतं, ते हे नव्हतं.

काकू पदर नीट करत छताकडे बघत होत्या.

मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "काकू, यात मैदा आहे."

"आसंल."

"किती?"

"निम्मा. लई न्हाई घातला." मग माझ्याकडे बघून, आणखी हळू, "गप खा आता. समद्या खूश हायेत. तुझं नाव राहिलं, माझ्या माहेराचं राहिलं. कुनाचं काय गेलं?"

मी थाळी हातात घेऊन उभी राहिले. बाया पाव खात होत्या, मुलांसाठी पदरात बांधून घेत होत्या. खरंच कुणाचं काही गेलं नव्हतं. फक्त देव्हाऱ्याशेजारी एक कागद होता आणि त्यावर जे लिहिलं होतं ते खोटं झालं होतं. गप्प बसले असते तर गावाने मला शाबासकी दिली असती. ती शाबासकी घेऊन मी सोलापूरला कुठल्या तोंडाने गेले असते?

"बायांनो," मी मोठ्याने म्हणाले, "या पावात मैदा आहे. निम्मा."

सगळ्या थांबल्या. एकीचा घास तोंडाशी होता.

"मग?" ती म्हणाली. "वीख हाय व्हय?"

"नाही. पण पत्रकात मी लिहिलं होतं, एक कणही नाही."

"मला वाटलंच," दुसरी म्हणाली. "नाचणी आशी फुगती व्हय कदी?"

"म्हंजी तू आमाला फशिवलंस?" अध्यक्षा कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

तेव्हा काकू उठल्या. "तिनं न्हाई. मी घातला. तिला ठावं न्हवतं. पोरगी रोज विटा भाजतीया, बघवना मला."

त्यावर असं हसू फुटलं की बाहेर पारावर बसलेले काका आत डोकावले. अध्यक्षा हसत हसतच म्हणाल्या, "आगं, पन लागतोय ग्वाड! निम्म्याचाच कर की. आन् तसं लिही." लगेच वाद सुरू झाला. एक म्हणाली निम्मा मैदा जास्त होतो, तीन भागांत एक पुरे. दुसरी म्हणाली मैदा कशाला, गव्हाचं पीठ घाला. कुणी म्हणालं गूळ घाला साखरेऐवजी. मी पिशवीतून कागद काढला आणि लिहायला बसले. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं पत्रक, जे मी एकटीने लिहिलं नाही आणि ज्याच्या आधी पाव होता.

पुढच्या दोन रविवारी आम्ही ते सगळं करून पाहिलं. एक भाग नाचणी, दोन भाग गव्हाचं पीठ, गूळ आणि थोडं तेल. काकूंच्या पावाएवढा उंच नाही झाला, पण मऊ झाला, आणि त्यात मैदा खरंच नव्हता. नाचणी मात्र एकटी नव्हती.

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं.

"प्रती?" त्यांनी विचारलं.

"तेवढ्याच."

"टाइप?"

"तेवढाच. मथळा आहे, 'आम्ही चुकलो. पाव असा होतो.'"

"'आम्ही' कशाला? पहिलं तू एकटीने लिहिलं होतंस."

मी मथळ्यात 'मी' केलं. काकूंना ते पटलं नाही, त्यांना त्यांचाही वाटा हवा होता. म्हणून आत कृतीच्या खाली त्यांच्या माहेरच्या गावाचं नाव पुन्हा घातलं, या वेळी थोडं ठळक.

मग तीच तीन ठिकाणं. समाजमंदिर, कंपनीचं गेट, आणि शेवटी सूस फाटा. सकाळी कंपन्यांच्या गाड्या आणि दुचाक्या एकमेकींना घासत जात होत्या, धूळ उडत होती, आणि मी गठ्ठा घेऊन उभी होते. रिक्षावाल्याने एक प्रत घेतली, हँडलवर ठेवून पुरती वाचली.

"ताई, मागच्या बारीला म्हनला निस्ती नाचणी. आता म्हनता दोन भाग गहू. फुडच्या महिन्यात काय, समदा मैदा?"

"तसं निघालं तर तेही छापीन," मी म्हणाले. "तुम्हाला आणून देईन."

"द्या," तो म्हणाला, आणि आणखी दोन प्रती मागितल्या. एक बायकोला, एक फाट्यावरच्या चहावाल्याला.