हलगी थांबवा, चेंडू येतोय

मी चांगला खेळायचो. खोटी नम्रता आपल्याला जमत नाही. अंधांच्या क्रिकेटमध्ये देशाकडून खेळलो, परदेशात जिंकून आलो. आमचा चेंडू प्लास्टिकचा, आत छर्रे. गोलंदाज विचारतो, "रेडी?" मी म्हणतो, "येस." मग "प्ले" म्हणत तो खालून, जमिनीलगत चेंडू सोडतो आणि छर्ऱ्यांच्या खुळखुळाटावरून मी त्याला झोडपतो. कान शाबूत तर सगळं शाबूत.

हे कान तयार झाले लातूरच्या बाजारात. अब्बा तिथं सौद्यात सोयाबीनचे भाव पुकारायचे. हमालांची ओरड, ट्रकचे हॉर्न, या सगळ्यातून त्यांचा आवाज आरपार यायचा. लहानपणी त्या आवाजाच्या मागानं मी बरोबर त्यांच्यापाशी जाऊन पोचायचो.

पण अब्बा माझा खेळ बघायला कधी आले नाहीत. "अंधे का क्रिकेट कौन देखता बा? तरस खाको तालियां बजाते लोगां," म्हणायचे. कप घेऊन घरी आलो तरी तेच. मला राग यायचा, लई राग यायचा. दया दाखवायला समोरचा गोलंदाज काय माझा मामा लागतो?

म्हणून निवृत्तीचा सामना मी हट्टानं लातूरलाच मागून घेतला. अब्बांना न्यायला आयोजक स्वतः गाडी घेऊन गेले, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मला एकच पाहिजे होतं, त्यांच्यादेखत एक खणखणीत चौका.

झालं भलतंच. आपल्या गावचा गडी म्हणून लोकांनी हौसेनं हलगी आणली. मी बॅट टेकवली की हलगी कडाडायची, वरून शिट्ट्या. पहिला चेंडू कधी आला, कधी गेला, पत्ताच नाही. दुसरा येऊन पायावर आदळला. नशीब, पंचांनी बाद दिलं नाही. माइकवाल्यानं शांत राहायची विनंती केली, तर लोकांनी विनंतीलाही टाळ्या वाजवल्या! आता काय म्हणावं या गावाला? तिसऱ्यालाही मी हवेतच बॅट फिरवली. अब्बा समोर बसलेले आणि मी आंधळ्यासारखा चाचपडतोय, हे जिवाला फार लागलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला.

"ए हलगीवाल्या! बंद कर ते! त्याला कानानं दिसतंय, कळत न्हाई व्हय?"

सौद्याचा आवाज! सगळं मैदान चिडीचूप झालं. रडायला सवड नव्हती. गोलंदाज विचारत होता, "रेडी?"

"येस."

छर्रे वाजत आले. मी गुडघा टेकला आणि सगळा जोर लावून स्वीप मारला. चेंडू बॅटच्या मधोमध बसला, हाताला कळलं ते.

आणि मग काहीच नाही. टाळी नाही, शिट्टी नाही. अब्बांच्या धाकानं कुणी तोंडच उघडेना. छर्रे लांब जाऊन ऐकू येईनासे झाले. अडवला? झेलला? का गेला? अरे, कुणीतरी सांगा की! मी तसाच गुडघ्यावर, कान टवकारून.

मग भाव पुकारावा तसा तो आवाज चढला आणि मध्येच चिरकला.

"चौका! चौका गेला रे! माझ्या पोराचा चौका!"

हलगी वाजली ती त्यानंतर.